दुपट्यासाठी नवं मशीन: एका खरेदीचं प्रकरण

पार्श्वभूमी

सांगलीत मी बरीच वर्षं शिवणाचा क्लास घेते. ब्लाउज, पंजाबी ड्रेस, झबली-टोपरी हे नेहमीचं. अलीकडे मात्र क्लासला न येणाऱ्या बायकाही एक प्रश्न घेऊन दारात येतात: क्विल्टिंग, म्हणजे तुकडे जोडून थरांची गोधडी करायला, शिकायचंय, कुठलं मशीन घेऊ? त्यातलंच हे एक प्रकरण. ज्यांचं आहे त्या काकूंना विचारून लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

काकू साठीच्या उंबरठ्यावरच्या, बँकेतून निवृत्त झालेल्या. घरात सासूबाईंचं काळं पायमशीन. उषाचं. कोलकात्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सनं १९३० च्या दशकात ही मशिनं बनवायला घेतली आणि पुढे ती आपल्याकडे घरोघरी पोचली, त्यातलंच एक. सरळ टाक्याशिवाय त्याला दुसरं काही येत नाही. सासूबाईंनी त्यावर परकर-पोलकी शिवली, काकूंनी नोकरी सांभाळून उशांचे अभ्रे आणि पडदे शिवले. दर खंडेनवमीला त्याला हळदकुंकू लागायचं, झेंडूची माळ पडायची. एरवी वर्षभर त्यावर इस्त्रीचे कपडे साठलेले असायचे.

२०२३ च्या गणपतीत पुण्याच्या लेकीनं गोड बातमी सांगितली. दिवस जानेवारीअखेरचे. बारशाला बाळाला स्वतःच्या हातचं दुपटं द्यायचं, असं काकूंनी ठरवलं. पण साधं दोन साड्यांचं नाही, चौकोनाला चौकोन जोडून केलेलं, फोनवर बघितलेल्या परदेशी क्विल्टसारखं. आणि जमलं तर पुढे हाच छंद लावून घ्यायचा. निवृत्तीनंतर दुपारी खायला उठतात, असं त्या म्हणायच्या.

नेमकी अडचण

माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांचं वाक्य होतं, "अगं, जुनं मशीन आता जमत नाही, नवं घ्यायचंय." मी ते वाक्य तसंच्या तसं धरलं आणि कुठलं घ्यावं यावर बोलायला लागले. आज मागे वळून बघताना मला ती पहिली चूक दिसते. त्या एका वाक्यात चार वेगळ्या गोष्टी होत्या.

गुडघा दुखत होता, त्यामुळे पायडल मारवत नव्हतं. चामड्याचा पट्टा सैल होऊन घसरत होता. खालचा दोरा गाठी टाकत होता. आणि या सगळ्याखाली एक भीती होती, की क्विल्टिंग म्हणजे काहीतरी मोठं, आधुनिक काम आहे, ते आपल्या जुन्या मशीनच्या आणि आपल्या आवाक्यातलं नाही.

पट्टा दोन बोटं कापून पुन्हा जोडला की घट्ट होतो. बॉबिन केसच्या, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या डबीच्या, पत्तीखाली अडकलेला कापूस सुईच्या टोकानं काढला की बहुतेक गाठी जातात. गुडघ्याला मोटर हा उपाय आहे. मशीन बदलायचं कारण फक्त चौथं असू शकलं असतं, आणि त्याचं उत्तर तर दुकानात मिळतच नाही.

क्विल्टिंग या शब्दाचाही घोळ असतो. तुकडे जोडून वरचं कापड तयार करणं हे एक काम. वरचं कापड, पोटातला थर आणि अस्तर एकावर एक अंथरून कच्चे टाके घालणं हे दुसरं. तिन्ही थर एकजीव होतील असे टाके सगळीकडून घालणं हे तिसरं, आणि खरं क्विल्टिंग म्हणतात ते याला. पहिल्या कामाला साधंसुधं मशीन पुरतं. मशीनची कसोटी लागते ती तिसऱ्यात. हा फरक मी काकूंना सांगितला, पण खरेदी झाल्यावर.

समोरचे पर्याय

जुन्याच मशीनला मोटर बसवून घेणं हा सगळ्यात स्वस्त मार्ग होता. मोटर, मजुरी, तेलपाणी, नवा पट्टा धरून दोन हजारांच्या आत काम होत होतं. काकूंना तो पटला नाही. "एवढं करून राहणार जुनंच ना," असं त्या म्हणाल्या, आणि त्यात मला नव्या वस्तूची हौस दिसली. आयुष्यभर घरासाठी खर्च केलेल्या बाईला स्वतःसाठी एक वस्तू घ्यावीशी वाटली, तर तिला मोडता घालावासा वाटत नाही. म्हणून मी जोर धरला नाही.

दुसरा पर्याय विजेवरच्या घरगुती मशीनचा. झिगझॅग, काज, वीस-पंचवीस प्रकारचे टाके. काकूंच्या बजेटमध्ये, म्हणजे पंधरा हजारांत बसणारा.

तिसरा मुलानं सुचवलेला. "आई, एकदाच घेतेस तर चांगलं घे, मी देतो पैसे." तो चाळीस हजारांच्या पुढचं कॉम्प्युटराइज्ड मशीन बघत होता. अशा मशीनचा खरा फायदा टाक्यांच्या संख्येत नसतो. सुईपासून उजव्या खांबापर्यंतची जागा मोठी असते, तो खरा फायदा. साध्या घरगुती मशीनला ही जागा सहा-साडेसहा इंच असते, क्विल्टिंगसाठी बनवलेल्या मशीनला आठ-नऊपासून अकरा इंचांपर्यंत. सिंगल बेडची गोधडी साठ इंच रुंद धरली, तर मधली रेघ शिवताना तीस इंच कापड गुंडाळी करून त्या फटीतून जावं लागतं. तीन थरांची ती गुंडाळी सहा इंचांत कोंबून बघितल्याशिवाय या आकड्याचा अर्थ कळत नाही.

चौथा पर्याय मशीनच न घेण्याचा: हातानं धावदोरा घालायचा, आपल्या गोधडीसारखा. हा त्या वेळी कुणीच मांडला नाही. मीसुद्धा नाही. घराघरात वाकळी असलेल्या मुलखात राहून आम्ही दोघीही क्विल्ट म्हटल्यावर परदेशाकडेच बघत होतो.

दुकानातला दिवस

दसऱ्याची ऑफर होती, म्हणून काकू आदल्या आठवड्यात मुलाबरोबर दुकानात गेल्या. मी म्हटलं होतं, "काकू, आधी जुन्यावर चार चौकोन जोडून बघा, मग जाऊ." त्या म्हणाल्या, ऑफर संपेल.

दुकानदारानं छान प्रात्यक्षिक दाखवलं. खळ घातलेलं कडक पांढरं कापड, दोन पदरी. त्यावर वेलबुट्टीचे टाके झरझर पडत गेले. कडक कापडावर कुठलंही मशीन सुंदर चालतं. आपल्या हातात येणार असते धुऊन मऊ झालेली मलमल, आणि तीही तीन थरांत. काकूंनी विचारलं, "यावर गोधडी शिवता येईल ना?" उत्तर आलं, "मावशी, सगळं शिवतं." ते खोटं नव्हतं. पण तीन गोष्टी विचारायच्या राहिल्या: कापड पुढे सरकवणारे खालचे दाते, कापड हातानं हवं तसं फिरवता यावं म्हणून, खाली पाडता येतात का, वॉकिंग फूट, म्हणजे वरचा थरही पुढे नेणारा फूट, बरोबर मिळतो का आणि सुईच्या उजवीकडे जागा किती.

घेतलेलं मशीन साडेतेरा हजारांचं, एकवीस टाक्यांचं. दाते पडत नव्हते, त्यावर झाकायला प्लॅस्टिकची एक पट्टी होती. वॉकिंग फूट वेगळा घ्यावा लागणार होता.

एक निर्णय मात्र त्या दिवशी बरोबर झाला. जुनं मशीन दिलं तर हजार रुपये कमी, असं दुकानदार म्हणाला. मुलगा तयार होता. काकूंनी दुकानातूनच मला फोन केला. मी म्हटलं, "देऊ नका. अडगळ वाटलं तर माझ्याकडे आणून ठेवा, पण देऊ नका." त्या वर्षी खंडेनवमीला दोन मशिनांना माळा पडल्या.

पहिलं दुपटं

आराखडा साधा होता. छत्तीस इंच चौरस, नऊ ओळींत नऊ असे एक्क्याऐंशी चौकोन. प्रत्येक चौकोन साडेचार इंचांचा कापायचा, दोन्ही बाजूंना दोन-दोन सूत शिवणीत गेलं की चार इंचांचा उरतो. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. शिंपी आणि सुतार दोघंही याच मापात बोलतात.

कापड दोन प्रकारचं घेतलं. इचलकरंजीचं नवं पॉपलीन, आणि सासूबाईंच्या दोन मऊ सुती साड्या. इथे काकूंच्या हातून घाई झाली. साड्या तशाच कापल्या. जुनी सुती साडी इतकी सैल पडलेली असते की कापताना चौकोनाचा चौकोन राहत नाही, तिरकी ओढ लागली की पतंगासारखा होतो. कापायच्या आधी साबुदाण्याची पातळ खळ देऊन इस्त्री केली असती, तर कापड कागदासारखं वागलं असतं.

मग जोडणी. सहाव्या ओळीपर्यंत आल्यावर त्यांच्या लक्षात आलं की ओळी एकमेकींना जुळत नाहीत. एक ओळ छत्तीस इंच, तर दुसरी जेमतेम पस्तीस. हे कसं होतं ते सांगते, कारण प्रत्येक नवशिकी इथे अडते. शिवण अर्धं सूत जास्त आत गेली तर दोन्ही तुकड्यांतून अर्धं-अर्धं सूत जातं, म्हणजे एका शिवणीला एक सूत. ओळीत आठ शिवणी. आठ सूत म्हणजे पुरता एक इंच. डोळ्याला न दिसणारी चूक ओळीच्या शेवटी बोटभर होऊन उभी राहते. मी सुईपासून बरोबर दोन सूत मोजून मशीनच्या पट्टीवर कागदी चिकटपट्टीचे चार थर लावून दिले. कापडाची कड त्या बांधाला टेकवून चालवायची. पुढच्या ओळी नीट आल्या. आधीच्या सहाही उसवाव्या लागल्या.

नव्या मशीनची आणखी एक गोष्ट तेव्हा कळली. झिगझॅगसाठी सुईखालचं भोक आडवं, लांबट असतं. मऊ मलमलीचा कोपरा पहिल्या टाक्यालाच त्या भोकात ओढला जायचा आणि गुंता व्हायचा. जुन्या काळ्या मशीनचं भोक सरळ टाक्यापुरतं, गोल आणि बारीक. तिथे कापड आत जायला जागाच नाही. उपाय आहे, आधी एका चिंधीवर शिवण सुरू करायची आणि तिच्या पाठोपाठ खरा तुकडा सरकवायचा. पण छोटे चौकोन जोडायच्या कामात ते जुनं मशीन नव्यापेक्षा सरस होतं, हे काकूंनी पहिल्यांदा मान्य केलं.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात वरचं कापड तयार झालं आणि खरी परीक्षा आली. पोटात काय घालायचं? काकूंनी एक जुनी सोलापुरी चादर घातली. भावना समजण्यासारखी होती, घरातली वस्तू बाळाच्या अंगाखाली जावी. पण चादरीची वीण जाड आणि घट्ट. चौदा नंबरची सुई पहिल्या फुटभरातच तुटली. त्याहून जाड, सोळा नंबर लावली तेव्हा शिवण पुढे गेली, पण पालटून बघितलं तर पाठीमागे अस्तराच्या चुण्याच चुण्या.

ट्यूबलाइटखाली ते दुपटं उलटं धरून काकू बराच वेळ गप्प उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "विकून टाकते मशीन. मुलगा म्हणतो ते मोठंच घ्यायला हवं होतं."

दुसरा निर्णय

या प्रकरणातलं महत्त्वाचं वळण हे आहे. पैसे तयार होते, मुलगा राजी होता, बाळ यायला दीड महिना होता. आता मी पुन्हा हो ला हो केलं असतं, तर चाळीस हजारांचं मशीन आलं असतं आणि चुण्या तशाच आल्या असत्या.

मी त्यांना एक प्रयोग करून दाखवला. अठरा इंचांच्या दोन पट्ट्या कापल्या, लाल वर, पांढरी खाली. टाचणी न लावता सरळ शिवत नेल्या. शेवटाला लाल पट्टी पांढरीच्या पुढे तीन सूत बाहेर आली. दोन्ही पट्ट्या सारख्याच होत्या. खालचे दाते खालचं कापड पुढे ओढतात, आणि वरचा फूट वरच्या कापडाला दाबून मागे रेटतो. दोन पदरांत तीन सूत, मग तीन थरांच्या छत्तीस इंचांत किती? कच्चे टाके दाट नसतील तर हा फरक चुण्या होऊन बाहेर येतो. मशीन मोठं घेतलं म्हणून दात्यांचा स्वभाव बदलत नाही. त्यावर इलाज म्हणजे वॉकिंग फूट, ज्याला स्वतःचे दाते असतात आणि तो वरचा थरही बरोबरीनं पुढे नेतो. किंवा मग मशीनच बाजूला ठेवायचं.

काकूंच्या गल्लीत जत तालुक्यातून आलेल्या एक मावशी राहतात. त्या मजुरीवर वाकळ शिवून देतात. मी काकूंना त्यांच्याकडे घेऊन गेले. मावशींनी दुपटं हातात घेतलं, चादर चिमटीत धरली आणि म्हणाल्या, "लेकराला एवढं जड कशाला? काढा ती." पोटात धुवट मलमलीचे दोन पदर घालायला सांगितले.

मग अंगणात सतरंजी अंथरून त्यांनी तिन्ही थर पसरले. तळव्यानं मधून कडेकडे सपाट करत गेल्या आणि वीतभर अंतरानं कच्चे टाके घातले. काकूंना खाली बसता येत नाही, म्हणून पुढचं काम जेवणाच्या टेबलावर. मावशी टाके कडेपासून घालतात, चारही बाजूंनी फिरत फिरत आत येत मध्यावर संपवतात. मशीनवर याच्या उलटं करायला शिकवतात: मधून सुरू करून बाहेर जायचं, म्हणजे जास्तीचं कापड कडेला निघून जातं. हातात मात्र प्रत्येक टाक्याला कापड बोटांनी सावरता येतं, त्यामुळे बाहेरून आत आलं तरी चुणी पडत नाही. कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी समाजाच्या बायका कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, शिवतात तीही अशीच कडेकडून मध्याकडे, आणि कोपऱ्यांना घडी घातलेले त्रिकोणी तुकडे लावतात, त्यांना फुला म्हणतात. मला हा सगळा पट्टा एकाच शाळेचा वाटतो.

काकूंचे पहिले टाके लांब-आखूड होते. मावशी म्हणाल्या, "एकसारखं लांब ठेवा, बारीक नको. बारीकपणा हाताला आपोआप येतो." तिसऱ्या दिवशी ओळ सरळ यायला लागली.

काय झालं

दुपटं बारशाच्या चार दिवस आधी पूर्ण झालं. कडेची पट्टी नव्या मशीनवर लावली, बाकी सगळे थराचे टाके हाताचे. त्यात एक डाग आहे. एका लाल पॉपलीनचा रंग पहिल्याच धुण्यात शेजारच्या पांढऱ्या चौकोनावर उतरला. ओलं पांढरं फडकं ठेवून वरून इस्त्री फिरवली असती, तर कापायच्या आधीच कळलं असतं. तो चौकोन बदलायचा का, यावर घरात चर्चा झाली. लेक म्हणाली, "आई, राहू दे." राहिला.

मशीन विकलं नाही. त्यावर आता झबली, कुंच्या, उशांचे अभ्रे होतात. झिगझॅगमुळे कडा बांधता येतात, जे जुन्यावर कधीच होत नव्हतं. म्हणजे खरेदी फुकट गेली असं मी म्हणणार नाही. पण ज्या कामासाठी ती केली त्या कामाला ती लागत नव्हती. मार्चमध्ये काकूंनी जुन्या मशीनला मोटर बसवून घेतली, आणि आता चौकोन जोडायचं सगळं काम त्याच्यावर चालतं.

वेगळं काय करता आलं असतं

क्रम बदलायला हवा होता, हे सगळ्यात आधी. गणपती ते दसरा या महिन्याभरात जुन्या मशीनचा पट्टा आवळून नऊ चौकोनांचा एक तुकडा, फक्त एक फूट बाय एक फूट, तिन्ही थरांसकट करून बघितला असता तर काकूंना दोन गोष्टी कळल्या असत्या: हे काम आवडतं का, आणि त्यातलं कुठलं काम आवडतं. पुढे दिसलं की त्यांना जोडणीपेक्षा हाताचे टाके जास्त आवडतात. आवड हातात असलेल्या बाईनं चाळीस हजार कशावर खर्च करायचे?

दुकानात जाताना स्वतःचं कापड न्यावं. वरचा थर, पोटातला थर, अस्तर, तिन्ही हातरुमालाएवढे कापून कच्चे टाके घालून न्यायचे आणि दुकानदाराला म्हणायचं, यावर चालवून दाखवा. मग उलटं करून पाठ बघायची. पाच मिनिटांत उत्तर मिळतं. आमच्याकडून हे झालं नाही.

किंमत मशीनपाशी थांबत नाही, हेही आधी सांगायला हवं होतं. वॉकिंग फूट, सुयांची पाकिटं, गोल पात्याचा कटर, त्याखालची मॅट, रुंद पट्टी, या सगळ्यानं बजेट पंधरा हजारांच्या बाहेर गेलं. कटर आणि मॅट काकूंनी हौसेनं घेतली. पुठ्ठ्याचा साचा आणि धार लावलेली कात्री यावर एक्क्याऐंशी चौकोन आरामात निघाले असते.

माझ्यापुरतं म्हणायचं तर दोन ठिकाणी मी गप्प राहायला नको होतं. "नवं घ्यायचंय" म्हटल्यावर "का?" एवढंच विचारायचं होतं. आणि ऑफर संपेल असं त्या म्हणाल्या तेव्हा थांबा म्हणायचं होतं. हौसेचा मान राखावा म्हणून मी बोलले नाही. पण ट्यूबलाइटखाली त्या उभ्या राहिल्या ती संध्याकाळ मी आधी बोलून टाळू शकले असते. आता क्लासला कुणी मशीन विचारायला आलं, की मी आधी एक फुटाचा तुकडा मागते.

मोठ्या मशीनचा विषय काकूंनी बंद केलेला नाही. सासूबाईंच्या नऊवारी लुगड्यांची सिंगल बेडची गोधडी सध्या चालू आहे. खळ देऊन, रंग तपासून, जुन्या मशीनवर जोडून झाली आहे. कच्चे टाके मावशींनी घातले. चार महिन्यांत काकू कडेपासून अकरा ओळी आत आल्यात. ही पूर्ण झाल्यावर मुलाला काय सांगायचं ते ठरवू, म्हणाल्या.